समोरचा बिल्ला

४ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

फोन उचलत नाही म्हणून पत्रातून ओरडलीस, ते पोचलं. पुन्हा सांगते, डावा कान पुरता गेलाय आणि उजव्याचा भरवसा नाही. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत यंत्रांच्या घरघरीत काढल्यावर कानांनी राजीनामा दिला तर त्यांना दोष कसा द्यायचा? फोनवर मी नुसती हो-हो करते आणि तुला वाटतं मावशी ऐकतेय. त्यापेक्षा पत्र बरं.

आता कामाचं. वरच्या ऑफिसातून परिपत्रक आलंय. दर सोमवारी काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं, नाव सांगायचं आणि आपल्याला 'ती' म्हणायचं, 'तो' म्हणायचं की 'ते', हेही सांगायचं. कुणाला परकं वाटू नये म्हणून. मी ते तीनदा वाचलं. माझ्या हाताखाली बावीस बायका, आणि त्यातल्या निम्म्यांची खरी नावं मलाच आठवत नाहीत, सगळा कारभार टोपणनावांवर. तू ऑफिसात हेच शिकवतेस ना? मग सांग, करायचं कसं. हसं व्हायला नको.

आमच्याकडे सगळं जोडीने चालतं. धुतलेल्या चादरी मोठ्या रोलरमधून इस्त्री होऊन निघतात. रोलर तापलेला, पलंगापेक्षा लांब. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि एकदम आत सरकवायची. त्याआधी एकीने विचारायचं, "आहेस?" दुसरीने म्हणायचं, "आहे." मगच सोडायचं. हा आवाज दिल्याघेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी कापडाला हात लावत नाही. दाराशी एक फळा आहे, त्यावर प्रत्येक रोलरचं एक हूक. सकाळी आल्यावर जोडीतल्या दोघींनी आपापले पितळी बिल्ले त्या हुकावर अडकवायचे. दोन बिल्ले दिसले की मी किल्ली देते, एक असला तर देत नाही. मी सुपरवायझर झाल्यापासून हा नियम एकदाही मोडलेला नाही.

तीन नंबरच्या रोलरवर शिडी आणि चिमणी. शिडी एवढी उंच की वरच्या फळीवरचं काढायचं तर कुणी स्टूल शोधत नाही, तिलाच हाक मारतात. चिमणी तिच्या काखेत मावेल एवढी. अकरा वर्षं दोघींचे बिल्ले एका हुकावर आहेत. चिमणी दिवसभर बोलते आणि शिडी दिवसभर ऐकते, त्यामुळे दोघींचं उत्तम जमतं.

आता हे तुला म्हणून सांगते. शिडी कामाला लागली तेव्हा तिच्या जुन्या कागदांवर पुरुषाचं नाव होतं. केबिनचं दार लावून तिने मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाई, एवढं तुमच्यापाशी राहू द्या." ते मी अकरा वर्षं पोटात ठेवलंय. चिमणीलाही ठाऊक नाही. या गोलात तिला मोकळं वाटेल की उलटंच काही होईल, ते तू सांग.

तुझी मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या लाँड्रीत ओळखफेरी! मी पत्र वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मिठीच मारली, ती बिचारी घाबरली. अगं, घाबरण्यासारखं काही नाही यात. आमच्याकडे पहिल्या फेरीत दारावरचे सुरक्षारक्षक काका म्हणाले, "मला साहेब म्हणा, तीस वर्षं वाट बघतोय." सगळे हसले आणि गाडी सुरू झाली. तूही हसून सुरू कर. जबरदस्ती कुणावर करायची नाही, ज्याला सांगायचं नाही त्याने नुसतं नाव सांगून गप्प बसावं.

शिडीबद्दल वाचून मात्र गलबलून आलं. अकरा वर्षं एवढं ओझं एकटीने वाहायचं, रोज जपून बोलायचं, रोज जपून वावरायचं, मला तर विचारही करवत नाही. मी इथे रोज बघते, एखाद्या मोठ्या माणसाने आपणहून एक शब्द टाकला की समोरच्याला केवढा धीर येतो. तुझा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नाही. तू तिच्या पाठीशी आहेस, हे सगळ्यांना दिसू दे.

फेरी झाली की लगेच लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
लाडकी भाची (एकुलती एक, त्यामुळे वादच नाही)


२४ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

झाली एकदाची फेरी.

तू म्हणालीस तसं हसून सुरू केलं. धुलाईच्या टाकीवरची जाडी म्हणाली, "मला 'ती' म्हणा, घरी मला 'अहो' म्हणायला कुणी तयार नाही." घडीच्या टेबलावरची म्हातारी म्हणाली, "मला काहीही म्हणा, पण जोरात म्हणा." तिचेही कान माझ्यासारखेच. हशा पिकला, वातावरण छान होतं. शिडीचंही सगळ्यांना कळलं. बरं झालं एकदाचं, कधी ना कधी कळणारच होतं.

चिमणी मात्र काही बोलली नाही. जी बाई झोपेतही बोलत असेल असं आम्ही म्हणायचो, ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प. रोलरवर दोघींचं "आहेस?" "आहे" एवढंच चाललं होतं. मंगळवारी सकाळी तीन नंबरच्या हुकावर एकच बिल्ला. चिमणीचा बिल्ला एक नंबरवर, तिथे आधीच दोघी होत्या. मी केबिनमध्ये बोलावलं तर म्हणाली, "अकरा वर्षं मी तिच्यासमोर कपडे बदलले. घरातलं, नवऱ्याचं, पोरीचं, काहीही ठेवलं नाही मी पोटात. तिने तुम्हाला सांगितलं आणि मला नाही." मी म्हटलं, अगं, तिचं सांगणं न सांगणं तिच्या हातात. तर म्हणाली, "मग माझ्या हातात काय होतं?" याला काय उत्तर द्यायचं, तूच सांग.

शिडीला सध्या घडीच्या टेबलावर बसवलंय. ती नेहमीसारखीच आहे, शांत. फक्त वरच्या फळीवरचं काढायला आता सगळ्या स्टूल शोधतात.

बाकी ठीक. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? माझे माझ्याशी बोलत नाहीत.

तुझी मावशी


३ मार्च

प्रिय मावशी,

केवढं धैर्य लागलं असेल तिला! बावीस जणींच्या गोलात उभं राहून आपणहून बोलायचं म्हणजे काय चेष्टा आहे? तिला माझा नमस्कार सांग. सांग की माझी एक भाची आहे, तिला न भेटताही तुझा अभिमान वाटतो.

चिमणीचं वाईट वाटलं, पण ते निवळेल. लोकांना थोडा वेळ लागतो. मी तर म्हणते तिचं दुःख वेगळंच आहे, मैत्रिणीने आपल्याला परकं मानलं, हे दुःख. त्यावर दोघींनी बसून बोलणं हाच उपाय. कपडे बदलण्याच्या खोलीत एकीपुरते दोनतीन आडोसे करून घे, पडद्यांचे का होईना. ज्याला हवा त्याने वापरावा, कुणा एकीवर बोट नको.

एक कबुली. परवा वर्गात मी तुझ्या लाँड्रीची गोष्ट सांगितली. नाव-गाव काही नाही, नुसतं 'एका मोठ्या लाँड्रीतल्या एका उंच बाईंनी' एवढंच. पंचवीस माणसं होती, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. रागावू नकोस.

आईचे गुडघे तुझ्या गुडघ्यांना विचारत होते.

तुझी भाची


१५ मार्च

प्रिय पोरी,

रागावले नाही. पण पुन्हा सांगू नकोस.

इथे जरा वातावरण बिघडलंय. पडदे लावले, तर दुसऱ्या दिवशी त्यातला एक दांडीसकट खाली. मग माझ्याकडे अर्ज आला, चौदा सह्या. शिडीला कपडे बदलायला दुसरी जागा द्यावी. पोरी, या चौदाजणी वाईट नाहीत गं. एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मला काही फरक पडत नाही, पण माझ्या घरी कळलं तर उद्यापासून नोकरी बंद." दुसरीला फक्त एवढंच सलतंय की आधी सांगितलं नाही. दोघीतिघी मात्र मुद्दाम 'तो' म्हणतात, तिला ऐकू जाईल अशा बेताने. सोमवारच्या गोलात तर आता टोमण्यांशिवाय काही उरलं नाही. मी परिपत्रकावर 'फेरी झाली' असं लिहून वर पाठवते.

शिडी आपणहून साबणाच्या कोठीत कपडे बदलायला लागली. मी काही म्हटलं नाही. अर्ज मिटला.

खरं घोडं अडलं ते रोलरवर. तिच्याबरोबर कुणी बिल्ला लावेना. तीन नंबर आठवडाभर बंद, वॉर्डांतून चादरींसाठी माणसं येऊन बसायला लागली, वरून दोनदा विचारणा झाली. शेवटी सोमवारी सकाळी सगळ्या फळ्यापाशी उभ्या असताना मी खिशातून माझा बिल्ला काढला आणि शिडीच्या बिल्ल्याशेजारी अडकवला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. चिमणीने मान खाली घातली. शिडीने त्या दोन बिल्ल्यांकडे बराच वेळ बघितलं आणि मग माझ्याकडून किल्ली घेतली.

तेव्हापासून तीन नंबर सुरू आहे. एक गंमत सांगते. केबिनच्या काचेतून तिचे ओठ दिसतात. अजूनही प्रत्येक चादरीला ती "आहेस?" विचारते आणि मग आपणच "आहे" म्हणते. सवय, दुसरं काय.

तुझी मावशी


२२ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. तो बिल्ला! आयुष्यभर आम्ही वर्गांमधून जे बोलत बसतो ते तू खिशातून काढून हुकावर अडकवलंस. तू पुन्हा सांगू नकोस म्हणाली होतीस, पण मला राहवलं नाही. वर्गात सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कंपनीच्या मासिकात ही गोष्ट छापणार आहेत. 'दोन बिल्ले' नावाने. तुझं नाव कुठेही नाही, शपथ.

एकच काळजी वाटते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर रोलरवर उभं राहायचं, या वयात, असल्या गुडघ्यांनी? मध्येमध्ये बसतेस ना?

आणि ते "आहेस?" "आहे" मला नीटसं कळलं नाही. ती स्वतःच उत्तर देते, म्हणजे तुला ऐकू येत नाही म्हणून का?

तुझी भाची


३० मार्च

प्रिय पोरी,

गुडघे बरे आहेत. काळजी करू नकोस.

इथे काम फार आहे. हॉस्पिटलात माणसं वाढली की चादरी वाढतात. तीन नंबर बंद ठेवणं परवडणारं नाही. रोलरला दोन्ही बाजूंना खाली लाल दांडी असते, काही अडकलं की गुडघ्याने दाबायची, यंत्र थांबतं. तीन नंबरची शिडीच्या बाजूची दांडी गेल्या वर्षी मोडली. दुरुस्तीचा अर्ज वर पडून आहे. समोरच्या बाजूची चालते, तेवढी पुरते, आजवर पुरली.

काल चिमणी केबिनमध्ये आली. महिन्याभरात पहिल्यांदा. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ती एकटी आहे." मी म्हटलं, "एवढा जीव तुटतोय तर तू जा." ती गेली. मी काचेतून बघत होते. तीन नंबरपासून दहा पावलांवर जाऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. शिडीची पाठ होती, तिला दिसलं नाही. मग एक नंबरवरून कुणीतरी चिमणीला हाक मारली असावी, कारण ती वळली आणि परत गेली. अजून चारआठ दिवसांत येईल वळणावर, असं मला वाटतं. माणसाला वेळ लागतो, तूच म्हणालीस.

त्या मासिकात घाईने काही छापू नका.

तुझी मावशी


१२ एप्रिल

प्रिय मावशी,

दोन आठवडे तुझं पत्र नाही. आधीच्या पत्रात मी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. मासिक छापून आलं, तुला पाठवलं, त्याचीही पोच नाही.

काल न राहवून लाँड्रीत फोन केला. कुणीतरी उचलला, मागे यंत्राचा आवाजच नव्हता. मी तुझं नाव घेतलं तर म्हणे, "बाई चौकशीला बसल्यात." कसली चौकशी विचारलं तर फोन ठेवला.

मावशी, काय झालंय? तू बरी आहेस ना? दोन ओळी लिही, पण लिही.

तुझी भाची


२० एप्रिल

पोरी,

मी बरी आहे. मला काही झालेलं नाही.

तीन तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मी केबिनमध्ये परिपत्रकांची चळत लावत होते. वर बघितलं तर काचेपलीकडे सगळ्या एकाच दिशेने पळत होत्या. मला काही ऐकू आलं नव्हतं. नंतर सगळ्या सांगतात की ती ओरडली, फार ओरडली. मी पंधरा पावलांवर होते आणि मला ऐकू आलं नाही.

चादरीचं टोक आत जाताना दुमडलं. ते सरळ करायला तिने उजवा हात पुढे केला, ओल्या कापडाचा पीळ मनगटाला बसला आणि रोलरने ओढलं. तिच्या बाजूची दांडी मोडकी. समोरच्या दांडीपर्यंत तिने पाय लांबवला. एवढी उंच बाई, तरी वीतभर कमी पडली. चिमणीने पळत जाऊन दांडी दाबली. दहा पावलं. हात कोपरापर्यंत भाजला, तीन बोटं गेली, चौथ्याचं अजून सांगत नाहीत.

आता जे तुला कळलेलं असणार, ते मीच लिहिते. मी एक दिवसही तिच्यासमोर उभी राहिले नाही. बिल्ला अडकवायचे, किल्ली द्यायचे आणि केबिनमध्ये येऊन बसायचे. पहिल्या दिवशी वाटलं, दोन दिवसांत कुणीतरी लाजेखातर जाईल. मग चादरी निघत होत्या, वरून विचारणा बंद झाली, तुझं पत्र आलं, टाळ्या वाजल्याचं. तू विचारलंस गुडघ्यांचं, मी लिहिलं बरे आहेत. बरेच होते, मी बसूनच होते ना.

आणखी एक. तिने गोलात आपणहून काही सांगितलं नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला शिडी म्हणा, बाकी चालू द्या." पुढचीने बोलायला तोंड उघडलंच होतं. मीच म्हटलं, "अगं, सांग की मोकळेपणाने. तुझे कागद मी पहिल्या दिवशी बघितलेत, मला काही वाटलं का? यांनाही वाटणार नाही." मला खरंच वाटलं मी तिला धीर देतेय. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

चौकशीला वरून तिघं आले. फळ्यावर दोन बिल्ले होते, तिचा आणि माझा, म्हणून त्यांनी बाकी कुणाला विचारलं नाही. ते आधी तिला वॉर्डात विचारून आले. तिने जबाब दिला, "बाई समोर होत्या. माझंच लक्ष नव्हतं." तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला, हे बरोबर आहे का म्हणून. मी सही केली. पेन माझंच होतं.

त्यानंतर पुन्हा सह्यांचा अर्ज गेलाय. बेफिकीर माणूस यंत्रावर नको, तिला कामावरून कमी करावं. तिच्याच जबाबावरून. वरचे म्हणतात, कागद स्पष्ट आहे, महिनाअखेर निर्णय होईल.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. पंधरा मार्चचं आणि तीस मार्चचंही. नोकरीची चार वर्षं राहिलीत माझी.

मावशी


२६ एप्रिल

मावशी,

मी काहीही फाडलेलं नाही.

दोन दिवस तुला शिव्या देणारं पत्र लिहीत होते. ते फाडलं, कारण प्रत्येक ओळीत मीच सापडत होते. ते सांगणं तिने फक्त तुझ्यापाशी ठेवलं होतं. तू मला दिलंस. मी पंचवीस जणांना दिलं, मग मासिकाला. त्या छापील गोष्टीत तू रोज तिच्यासमोर उभी आहेस. मी विचारलं तेव्हा तू उत्तर दिलं नाहीस, आणि उत्तर आलं नाही तरी मी ते छापू दिलं, कारण गोष्ट छान होती. 'मोठ्या माणसाने एक शब्द टाकावा' हे कुणी लिहिलं होतं, तेही मला आठवतंय.

सोमवारी मी वर्गात उभी राहून सांगितलं की ती गोष्ट खोटी आहे. या वेळीही शांतता होती, पण वेगळी. मासिकाचे लोक म्हणतात आता छापलंय ते छापलंय.

यासोबत तुझं तीस मार्चचं पत्र परत पाठवतेय. मोडक्या दांडीचं आणि "बाई, ती एकटी आहे" हे ज्यात आहे ते. मी ते थेट चौकशीवाल्यांना पाठवू शकते. लिफाफ्यावर पत्ताही लिहिला होता. पण दुसऱ्यांच्या वतीने सांगून टाकण्याचं काम आपल्या दोघींनी खूप केलं. निदान ही गोष्ट तरी ज्याची त्याने सांगावी. तू स्वतः जा.

महिनाअखेरीला चार दिवस आहेत.

भाची


६ मे

प्रिय पोरी,

गेले. तुझं पत्र मिळालं त्या संध्याकाळी तासभर चुलीपाशी बसले होते, हे लपवत नाही. सकाळी गेले.

तिघांपैकी एकाने ते पत्र मोठ्याने वाचलं. सगळ्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे समोर कुणीच नव्हतं?" मी म्हटलं, "नव्हतं. बिल्ला माझा, पण मी नव्हते." तेव्हा चिमणी पुढे आली आणि म्हणाली, "लिहून घ्या, मी दहा पावलांवर होते. मला रोज दिसत होतं." त्यांनी ते लिहून घेतलं. तिच्यामागून आणखी कुणी पुढे आलं नाही.

माझी सुपरवायझरची जागा गेली. पुढचं अजून ठरायचंय. शिडीला कमी करण्याचा अर्ज तेवढा फेटाळला. त्यामुळे मला वाटलं, हे तरी तिला आपण जाऊन सांगावं. मनातून थोडी हलकी झाले होते, तेही लपवत नाही.

वॉर्डात ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हात उशीवर, केवढा मोठा पट्ट्यांचा गोळा. मी चांगला कान तिच्याकडे करून बसले आणि सगळं सांगितलं. पत्राचं, चौकशीचं, चिमणीचं. आणि विचारलं, "तू खोटं का सांगितलंस? मला वाचवायला?"

ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही, बाई. त्या साहेबांनी विचारलं, समोर कोण होतं? मला म्हणवलंच नाही की कुणी नव्हतं. म्हटलं, कागदावर तरी कुणी असू दे." मग म्हणाली, "आता तेही काढून घेतलंत."



तेवढ्यात नर्स चादर बदलायला आली. पेशंट पलंगावर असताना चादर बदलायला दोघी लागतात. ती एकटीच होती, तिने दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा." चादर आमच्याच लाँड्रीतली, काठाला तीन नंबरच्या रोलरची खूण म्हणून घातलेला दोरा. मी धरली. आवाज आल्याशिवाय ओढायची नाही अशी हाताला सवय, म्हणून मी चांगला कान पलंगाकडे करून थांबले. नर्स माझ्याकडे बघत राहिली. पलंगावरून काही आवाज आला नाही.

तुझी मावशी